दोन मीटर आणि चार बोटं

शहापूर-मुरबाडकडे चार दिवस जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, "माहुली चढलात का? माळशेजचे धबधबे पाहिलेत का?" धबधबे पावसाळ्यात असतात, मी गेले मार्गशीर्षात. माहुलीचा किल्ला चारही दिवस खालूनच पाहिला, तोही गाडीच्या काचेतून. मी गेले होते एका मशीनमागे. सोबत पोळ्यांचा स्टीलचा गोल डबा होता आणि डब्यात, मऊ फडक्यावर, अडीच मीटर काचेचा धागा वेटोळं घालून ठेवलेला होता.

या धाग्याबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. टेलिफोनच्या केबलमध्ये असतो तो काचेचा धागा, म्हणजे फायबर, आतून भरीव असतो. माझ्या डब्यातल्या धाग्याला उभी भोकं होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर शेवेच्या सोऱ्याची चकती दिसावी तसा दिसतो, आणि तो सगळा प्रकार केसाएवढ्या जाडीत. या जाळीतून एका बाजूने लेझरचा डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडला की दुसऱ्या बाजूने तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग एकदम बाहेर पडतात. नीट जमलं तर जांभळ्याच्या पलीकडचा, पुन्हा न दिसणारा, अतिनीलही. माझी पीएचडी त्या शेवटच्या अतिनीलावर अडकली होती.

आमच्या सरांनी परदेशातल्या एका स्नेह्याकडून असा चार मीटर धागा मागून आणला होता. लेझरच्या साध्या फायबरला तो जोडायच्या खटपटीत मी दीड मीटर जाळून बसले. मग प्रयोगशाळेतलं जोडायचं मशीन दुरुस्तीला गेलं ते गेलंच. दुसरा धागा मिळण्यासारखा नव्हता आणि माझी शिष्यवृत्ती मार्चला संपत होती. सरांच्या ओळखीचा एक केबलचा कंत्राटदार शहापूरला होता, त्याच्याकडे तसंच मशीन होतं. डबा माझ्या हातात देताना सर म्हणाले, "दोन मीटरच्या खाली गेला तर जोडू नकोस, परत घेऊन ये. त्याहून आखूड धाग्यात प्रकाश निळ्यापाशीच थांबतो." परत घेऊन ये म्हणजे पीएचडी विसर, हे त्यांनी म्हटलं नाही. गरजही नव्हती.

शहापूर

कंत्राटदाराचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर. मशीन जागेवर नव्हतं. "ते दशरथच्या गाडीत असतं," टेबलामागचा माणूस म्हणाला, "आनि दशरथ कुठं असतो ते जेसीबीवाल्यांना विचारा." रस्तारुंदीचं काम सुरू होतं. जेसीबीने केबल तोडायची आणि दशरथने जोडायची, असा तिथला क्रम होता. मी चार तास खुर्चीवर बसून पाइपांचे भाव ऐकले. आमच्या सोलापूरकडे पाहुण्याला इतका वेळ बसवला तर निदान हवापाण्याच्या चार गप्पा मारतात. इथे दर तासाला न विचारता चहा येत होता आणि कोणी काही बोलत नव्हतं. दुसऱ्या चहानंतर मला ते आवडायला लागलं.

चार वाजता दशरथ आला. चाळिशीचा, सडपातळ, खिशाला धाग्यावरचा लेप सोलायचा चिमटा, स्ट्रिपर, अडकवलेला. घर डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर. धागा त्याने डब्यातून बाहेर काढला नाही, नुसता वाकून पाहिला.

"भोकं हायत म्हनता? मग उजेड सांडत नाय?"

"नाही. उलट भोकांमुळेच मधे कोंडून राहतो."

"आनि दिसतो? डोल्यांनी?"

"सगळे रंग दिसतात," मी म्हणाले.

तो टेबलाच्या कडेला टेकला. "मॅडम, बारा वर्सं झाली जॉइंट मारतो. कसाऱ्यापासून माळशेजपरत ज्या केबली हायत, त्यांच्यात निम्मे जॉइंट माझे. पन एकदाबी उजेड बगितला नाय. आमचा उजेड दिसनाराच नाय ना. बाबा तर गावात सांगत फिरतात, आमचा दशरथ उजेडाच्या वायरी जोडतो म्हने, पन दिवा कुठं पेटला नाय."

टेबलामागचा माणूस हसला. दशरथही हसला, पण जरा उशिरा.

"हा जोड झाला ना, की मी तुम्हाला दाखवते," मी म्हणाले. "मुंबईला या, प्रयोगशाळेत." माणूस गरजेला काय वाटेल ते कबूल करतो. मी त्या वेळी तेवढ्याच मनाने बोलले होते.

मग त्याने मशीन मांडलं. सोबत मी एक पिवळी दोरी आणली होती. तिच्या एका टोकाला लेझरमध्ये खोचायचं बोंडूक होतं, आत साधं फायबर. तिचं दुसरं टोक माझ्या धाग्याला जोडायचं, एवढंच काम. त्याचे हात पाहून मी खूश झाले. एक हालचाल वाया जात नव्हती. धाग्यावरचा प्लास्टिकचा लेप सोलायचा, पुसायचा, कटरवर ठेवून टोक सरळ कापायचं, मशीनमध्ये बसवायचं. दोन टोकांमध्ये विजेची बारीक ठिणगी पडते, काच वितळते, सांधते.

"काही वेगळं करायचं?" त्याने विचारलं.

"ठिणगी जरा मंद ठेवा, नाहीतर भोकं बुजतात. बाकी एकदम नेहमीसारखं करा."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे.

ठिणगी पडली आणि पडद्यावर सांध्याच्या जागी फोड आला. दशरथने जीभ चावली. फोड आलेला भाग आणि त्यामागचा काळपट दिसणारा तुकडा असा वीतभर धागा कापावा लागला. ठिणगी अजून कमी करून बघू, असं म्हणेपर्यंत त्याचा फोन वाजला. डोळखांब रस्त्याला केबल तुटली होती.

"उद्या सकाळी येता का गाडीतून? काम झाला का लगेच तुमचा करू."

कापलेला तुकडा त्याने कागदात गुंडाळून खिशात ठेवला. कशाला ते मी विचारलं नाही.

डोळखांब

शहापूर सोडून डोळखांबकडे वळलं की रस्ता साग-ऐनाच्या झाडीत शिरतो आणि मधेच मोकळी खाचरं येतात. भात कापून झालं होतं. खळ्यांवर झोडणी चालली होती. आमच्याकडे या दिवसांत शेतात ज्वारी उभी असते, पाखरांवर ओरडायला माणसं लागतात. इथे शेत रिकामं आणि आवाज सगळा खळ्यात.

केबल एका मोरीपाशी तुटली होती. डोळखांबचे फोन तिच्यावर, म्हणून दर पाच मिनिटांनी कोणीतरी थांबून विचारी, "दशरथ, कदी लागतील रं?" तो मान वर न करता म्हणे, "लागतील." दुपारी दोनला लागले. मग त्याने गाडी सरळ घराकडे घेतली. "जेवूनच करू. घरी वारा नसतो."

घर कुडाचं, सारवलेलं अंगण, अंगणात त्याचे वडील बांबू तोडत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, अंगात बंडी. मंडपाला मेढी, म्हणजे खांब, हव्या होत्या कोणाला तरी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कया गो बाय, तुझ्याबी वायरीत दिवा लागत नाय का?"

"अजून नाही, बाबा."

"मग बराबर मानसाकडं आलीस."

दशरथने कानाडोळा केला. ओटीवर मशीन मांडलं. त्याची बायको मंदा दारात उभी राहून पाहत होती. सोलणं, पुसणं, कापणं, बसवणं. ठिणगी कालच्याहून निम्मी. पुन्हा फोड. या वेळी पडद्यावर मला फोडाच्या मागे भोकांमधून काहीतरी उकळत मागे सरकताना दिसलं. हवा अशी उकळत नाही. माझं लक्ष त्याच्या उजव्या हाताशी असलेल्या छोट्या बाटलीकडे गेलं.

"हे काय आहे?"

"स्पिरिट. पुसायला."

"धागा कापायच्या आधी स्पिरिटने पुसता? टोक उघडं असताना?"

"मग? लेपाचा चिकटा जायला नको?"

आणि मी ओरडले. "अहो, भोकं आहेत त्याला! टोकाला स्पिरिट लागलं की आत ओढलं जाणारच! एवढं कळत नाही? अक्कल गहाण टाकलीत का?"

अंगणातला कोयता थांबला. मंदा आत गेली. दशरथने बाटलीचं झाकण लावलं, हळूहळू, पूर्ण फिरवून.

"बारा वर्सं असाच पुसतो, मॅडम. न पुसता मारलेला जॉइंट महिन्यात तुटतो." मग बाटली बाजूला ठेवून, "आनि तुमीच बोललात, नेहमीसारखा करा."

त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. भरीव फायबरला स्पिरिट लावलं तर काही होत नाही, लावलं नाही तर मात्र जोड कच्चा राहतो. भोकांचं पुस्तक मी वाचलं होतं, त्याने नाही, आणि मी त्याला शिकवायच्या ऐवजी त्याचे हात बघत खूश होत बसले होते. मला लाज वाटली आणि लाज वाटल्यावर माझी जी सवय आहे ती मी केली. गप्प बसले.

खराब झालेला वीतभर भाग त्याने पुन्हा कापला. उरलेला धागा मी टेपवर मोजला. दोन मीटर आणि वर चार बोटं. जोड करताना टोक एकदा कापावंच लागतं, त्यात दोन बोटं जातात. म्हणजे एकच संधी.

जेवायला बसावं लागलं. आमच्याकडे असं काही झालं की आग्रह दुप्पट होतो, म्हणजे पाहुण्याला आपली चूक नीट कळते. इथे ताट पुढे ठेवलं आणि सगळे जेवायला लागले. भात, वालाचं बिरडं, नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी. चटणी काळीभोर. मी शेंगाचटणीवर वाढलेली, मला ती आधी कडवट लागली, मग तिसऱ्या घासाला मी परत मागितली. मंदा वाढताना म्हणाली, "आवडली?" मी हो म्हणाले. त्या घरात त्या दिवशी माझ्याशी झालेलं ते पहिलं सरळ बोलणं.

जेवण झाल्यावर म्हातारबाबा पुन्हा कोयता घेऊन बसले. मीही ओटीच्या कडेला बसले, कारण शहापूरची एसटी पाचला होती. ते प्रत्येक बांबू हातात फिरवून पेर शोधत, म्हणजे बांबूवरची गाठ, आणि तिच्या जरा वर घाव घालत.

"सरळ हवा तेवढा का नाही तोडत?" मी विचारलं, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून.

"मधीच तोडला का तोंड उघडा ऱ्हातो. पानी जानार, भुंगा जानार, वरसात मेढ पोकल." त्यांनी पेरावर अंगठा दाबून दाखवला. "पेर ठेवून तोडायचा. मग भायेर काय बी लाव, आत काय जात नाय."

दशरथ मशीन पेटीत भरत होता. त्याचा हात मधेच थांबला. 

मुरबाड

तिसऱ्या दिवशी मी परतच जाणार होते. रात्री सरांना फोन करून सगळं सांगितलं होतं, ते फक्त "हं" म्हणाले होते. सकाळी शहापूरच्या माझ्या लॉजवरच्या पोराने निरोप दिला, खाली गाडी उभी आहे. दशरथला किन्हवली-सरळगावावरून मुरबाडला जायचं होतं, तिथल्या औद्योगिक वसाहतीत काम होतं. "बसा," तो म्हणाला.  सरळगावच्या आसपास मी म्हणाले, "दशरथभाऊ, काल मी बोलले ते चुकलं. तुमच्या घरात, वडिलांसमोर बोलले. मला माफ करा."

त्याने गिअर बदलला. "आमच्या साहेबानं रोज केलाय तसा. पन घरी येऊन नाय केला कदी." आणखी बरंच पुढे गेल्यावर, "मंदा बोलली, बाई वाईट नाय, चटनी दोनदा घेतली."

मुरबाडच्या नाक्यावर मिसळ खाल्ली. कोल्हापूरच्या माणसाला ती गोड वाटेल, सोलापूरच्या माणसाला वाटाणे जास्त वाटतील. दशरथने पावाचे चार तुकडे करून ती, रस्सा न सांडता, कागदालासुद्धा डाग न लावता संपवली. मग खिशातून कागदाची पुडी काढली. कापलेले दोन्ही तुकडे त्यात होते.

"रात्रभर चुलीच्या वर शिंक्यात ठेवले होते. सुकलेत. ह्यांच्यावर करून बगायचा?"

"काय करून बघायचं?"

"पेर."

मला लगेच कळलं नाही, हे कबूल करते. मी पाच वर्षं प्रकाशशास्त्र शिकत होते.

"बगा," तो म्हणाला आणि टेबलावर बोटाने पाणी घेऊन रेघ ओढली. "तुमी बोलता ठिनगी मोठी झाली का भोकं बुजतात. तर आधी मोठीच मारू, टोकाला. भोकं बुजली, तोंड मिटला. पेर झाला. मग लेप सोला, स्पिरिट लावा, पुसा, आत काय जात नाय. मग पेराच्या मागं कटरनी कापा. टोक साफ, भोकं सुकी, लगेच जॉइंट."

ज्या खोडीमुळे मी दीड मीटर धागा जाळला होता, तीच त्याने कामाला लावली होती. मी फक्त म्हणाले, "करून बघू."

वसाहतीतलं काम आटपल्यावर एका गोदामाच्या ओसरीवर आम्ही ते सुकलेले तुकडे घेऊन बसलो. पहिलं पेर अर्धवट झालं, दुसरं वाकडं. तिसऱ्याला टोक गोल, बंद, काचेच्या थेंबासारखं. त्याने त्यावर सरळ स्पिरिट ओतलंच. मग कापलं. पडद्यावर भोकं स्वच्छ, कोरडी दिसत होती. जोडाची मंद ठिणगी तो एकदा मारायचा त्याऐवजी चार वेळा, थांबून थांबून मारायला लागला. दोन्ही तुकडे संपले तेव्हा शेवटचे तीन जोड बिनफोडाचे झाले होते.

"उद्या खराखुरा मारू," तो म्हणाला. "आज हात थकलाय. थकल्या हातानी नाय मारायचा."

वैशाखरे

उद्या म्हणजे जेसीबीने ठरवलेल्या जागी. या वेळी वैशाखऱ्याला. माळशेजच्या रस्त्यावर हे गाव, समोर सह्याद्रीची सरळ भिंत आणि तिच्यावरून उतरणारा थंड वारा. केबल जोडून होईपर्यंत एक वाजला. गाडी वाऱ्याने हलत होती.

"हलत्या गाडीत होईल?" मी विचारलं.

त्याने गाडी एका पेंढ्याच्या उडवीच्या आडोशाला नेऊन लावली. ज्याची उडवी तो शेतकरी काय चाललंय ते पाहायला आला, आणि दशरथने त्यालाच वाऱ्याच्या बाजूच्या दारापाशी उभं केलं. "काका, हलू नका आनि बोलू नका." ते वीस मिनिटं खांबासारखे उभे राहिले. मला अजून त्यांचं नाव माहीत नाही.

लेप सुकाच थोडा ओरबाडून त्याने टोकाला मोठी ठिणगी दिली. पेर. दुसऱ्या टोकालाही दिली. "हे असाच राहू दे. मुंबईच्या हवेत लय दमटपना असतो." मग सोललं, स्पिरिट लावलं. बाटली उघडताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. कटरचा टक् आवाज आला. दोन बोटं गेली.

चार ठिणग्या. पडद्यावर दोन रेघा एक झाल्या. फोड नव्हता.

"लॉस किती? प्रकाश किती वाया जातोय?" मला राहवलं नाही.

"मशीनला ह्या फायबरचा काय कलतंय? तिकडं लावाल तेव्हा कलेल." मग काकांना म्हणाला, "सुटलात."

मी संध्याकाळच्या एसटीने कल्याणला आले. डबा मांडीवर होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, पोळ्या का. मी हो म्हणाले.

मुंबई

प्रवास इथे संपायला हवा, पण एक माणूस उलट्या बाजूने निघाला. जोड लागला होता. पहिल्याच दिवशी लागला. सरांनी लोलकाने भिंतीवर पसरलेला रंगांचा पट्टा पाहिला, शेवटी ठेवलेल्या पांढऱ्या कागदाचा जांभळ्याच्या पलीकडचा कोपरा निळा उजळलेला पाहिला, कारण अतिनील स्वतः दिसत नाही पण पांढऱ्या कागदाला, धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला पेटवतो, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, जे त्यांनी पाच वर्षांत कधी केलं नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग महिनाभर मोजमापं घेत राहिले आणि दशरथला फोन करायचं विसरले. हे सांगायला मला आवडत नाही. त्यानेच केला. "मॅडम, येऊ का? बोलला होतात."

रविवारी आला, पांढऱ्या शुभ्र फुलशर्टमध्ये, इस्त्रीची घडी बाहीवर उभी. मी त्याला चष्मा दिला, कारण लेझरचा न दिसणारा प्रकाश डोळा जाळतो. दिवे मालवले आणि लेझर सुरू केला.

आजवर जो पाहुणा आला तो आधी भिंतीवरचे रंग पाहतो. दशरथने भिंतीकडे पाठ केली आणि आपल्या जोडावर वाकला.

"हितं अंधार हाय."

"तिथपर्यंत तुमचा नेहमीचाच प्रकाश आहे. न दिसणारा."

तो बोट धाग्याच्या वरून, न लावता, हळूहळू पुढे नेत गेला. जोडापासून वीतभर पुढे धागा तांबूस दिसायला लागतो, मग पिवळट, मग पांढरा. तिथे त्याचं बोट थांबलं.  

मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "बाबा दुकानावर फोनापाशी बसून हायत. बारा वाजता करतो बोललोय." नंबर लावला आणि भिंतीसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा? हां. पेटला."

पलीकडून म्हातारबाबांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "कंचा रंग हाय रं?"

"थांबा, सांगतो." तो एकेक रंग बोटाने दाखवत सांगत गेला, जणू ते पाहतच होते. "तांबडा. नारिंगी. पिवला. हिरवा, पोपटी हिरवा. निला. जांभला." बोट जांभळ्याच्या पुढे, भिंतीच्या काळोख्या भागात गेलं आणि त्याच्या बाहीची पांढरी कड एकदम निळी पेटली. दशरथने हात मागे घेतला, बाही विझली. पुन्हा पुढे नेला, पुन्हा पेटली.

"झाला?" बाबांनी विचारलं.

"नाय, बाबा," दशरथ म्हणाला.  "अजून येक हाय. दिसत नाय. पन हाय."